हातभर उरलेला दोर

ऑक्टोबर लागला की मला गॅरेजच्या फळीवरचा हिरवा डबा खाली काढावा लागतो. 'लागतो' म्हणतोय खरा, पण सक्ती कुणाचीच नाही. झाकण उघडलं की आधी वास येतो, ओकच्या वाळक्या पानांचा आणि मातीचा. पानं मीच भरून ठेवतो. माणसाचा वास हरणाला लांबून कळतो, म्हणून शिकारीचं सामान वर्षभर पानांत मुरवत ठेवायचं, असं मला इथं शिकवलं गेलं. बायको, अनघा, म्हणते, "काढलीस वाटतं तुझी अढी!" आंबे पेंढ्यात घालतात ती अढी. पुण्याच्या माणसाला कोकणातल्या माणसाची थट्टा करायला कारण लागत नाही. तिला हा सगळा प्रकार हास्यास्पद वाटतो. मलाही वाटतो. तरी दर वर्षी डबा निघतो.

आजही काढला. इथं परदेशात, आमच्या नोव्हाय गावात, सकाळी गवतावर पांढरं पडायला लागलंय. डब्यात वरच झोळी आहे, तिच्याखाली दोन दोर आहेत, आणि तळाशी एक खरखरीत, हातानं वळलेली लांबलचक दोरी. तिला हात लागला की आठवण मात्र एकाच ऑक्टोबरची येते, दोन हजार पाचच्या. त्या सालची पानं बाकीच्या सालांहून वेगळी होती असं काही नाही. तीच लाल, तीच पिवळी, दाताळ्यानं ओढून रस्त्याच्या कडेला लावलेले तेच ढीग. फरक एवढाच की त्या साली आई इथं होती, आणि मी, सदतीस वर्षांचा बाप्या माणूस, झाडावर चढायला कुठली झोळी घ्यावी याचा विचार करत बसलो होतो.

झोळी हे माझं नाव. इथं तिला सॅडल म्हणतात. घोड्याशी तिचा काही संबंध नाही. जाळीच्या कापडाचा रुंद पट्टा कमरेखाली बसतो, मांड्यांना दोन बंद असतात, दोन्ही बाजूंना कड्या. दोर दोन. एक चढताना खोडाभोवती घ्यायचा आणि आपण वर जाऊ तसा वर सरकवत न्यायचा. दुसरा, वर पोचलं की, डोक्याच्या उंचीवर खोडाला बांधायचा आणि त्यावर अंग मागं टाकून द्यायचं. चढायला खोडाला आवळून बसवायच्या पायऱ्या, सगळ्यात वरची पाऊल मावेल एवढी. मग धनुष्य घेऊन तासन् तास हरणाची वाट बघत लटकायचं. त्या काळी असं लटकणारे फार थोडे होते, बाकी सगळे झाडाला लोखंडी मचाण लावत. माझी तेव्हा सात वर्षांची मुलगी, ईशा, मला पहिल्यांदा झोळीत बघून म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक अ बेबी इन अ डायपर." तिचं निरीक्षण बरोबर होतं.

हे वेड मला रसेलनं लावलं. रसेल आमच्या लॅबमधला कारागीर, साठीला टेकलेला, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. मी गाड्यांचे सीट बेल्ट तोडतो. खरंच, माझं काम तेच. यंत्राच्या दोन जबड्यांत पट्टा धरायचा, तुटेपर्यंत ओढायचा आणि किती ताणावर, कुठं, कसा तुटला ते लिहायचं. यंत्र बिघडलं की रसेल येतो. एकदा डबा खाताना त्यानं त्याच्या झोळीचा फोटो दाखवला. मी विचारलं, मचाण का नाही? तो म्हणाला, मचाणावरून पडतात ते बहुतेक चढताना नाहीतर उतरताना, बांधून घ्यायच्या आधी किंवा सोडल्यानंतर. "यात तू जमिनीपासून जमिनीपर्यंत बांधलेला असतोस." एवढं बोलून त्यानं सँडविच संपवलं. मी ते वाक्य घरी घेऊन आलो.

त्या वाक्यानं मला का धरलं ते सांगायला हवं. माझे वडील पाडेली होते. दुसऱ्यांच्या माडांवर चढून नारळ पाडून द्यायचे. गुहागरच्या खालच्या अंगाला आमची वाडी. बाबांच्या कमरेला मागं कोयती, खांद्यावर दोराचं वेटोळं. माडाला पावलं रोवायला खाचा केलेल्या असायच्या, त्यांत पाय देत वर जायचे आणि वर पोचले की दोर कमरेभोवती नि माडाभोवती घ्यायचे, दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून. म्हणजे चढताना कुठंच बांधलेले नसायचे. मी अकरा वर्षांचा असताना, पावसाळा नुकता सरला होता, एक खाच पायाखाली फुटली आणि ते खाली आले. दोन दिवस इस्पितळात होते, शुद्धीवर आलेच नाहीत. गावात म्हणाले, दोर तुटला. दोर तुटला नव्हता. तो बांधायची वेळच आली नव्हती. पण 'दोर तुटला' हे सांगायला सोपं, ऐकणाऱ्यालाही सोपं, तेच राहिलं.

तेराव्याला आईनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि झाडावर पाय ठेवणार नाही असं वदवून घेतलं. मी सव्वीस वर्षं ते पाळलं. कॉलेजात पोरं आंब्यावर चढली तेव्हा मी खाली चपला सांभाळत उभा होतो. त्याचं मला दुःख वगैरे काही नव्हतं, मला सवय झाली होती. झाडावर चढावं लागू नये म्हणून तर तिनं मला शिकवलं. लोकांची भांडी घासून, भात लावून, रात्रशाळेत नव्हे तर चांगल्या दिवसाच्या शाळेत, असं ती स्वतःच अभिमानानं सांगते. आणि मी शिकलो तो नेमका, माणसाला बांधून ठेवणारे पट्टे कुठं तुटतात, ते. हे ठरवून केलं का, असं अनघानं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, नाही गं, कॅम्पसला तीच कंपनी आली होती.

आता झोळी निवडायची म्हणजे, आपल्याकडच्या इंजिनिअरची रीत ठरलेली. मी एक्सेल शीट केली. इथं आपली माणसं मिनीव्हॅन घेताना, डेकेअर निवडताना, पाळणा आणतानासुद्धा एक्सेल शीट करतात आणि ती मित्रांना फॉरवर्ड करतात. माझ्या शीटवर तीन पर्याय होते. पहिला, कॅटलॉगमधली तयार झोळी, हलकी, जाळीची. दुसरा, रसेलच्या मेव्हण्याचा झाडं छाटायचा जुना चामडी पट्टा, बसायला सुखाचा, पण हलला की करकरणारा. हरणाला ती करकर म्हणजे दवंडीच. तिसरा, स्वतः शिवायचा. लॅबमध्ये सीट बेल्टच्या पट्ट्याची उरलेली रिळं पडून असतात, परवानगी मागितली असती तर मिळाली असती. शिलाईचा प्रकार कोणता, टाके किती, सगळं मला येत होतं. वजन, आवाज, चढायला लागणारा वेळ, पटत नसेल तर परत करायची सोय, असे रकाने केले. गुण दिले. तिसरा पर्याय पहिला आला. येणारच होता, गुण मीच देत होतो.

आई ऑगस्टमध्ये आली होती, सहा महिन्यांसाठी. पहिल्या आठवड्यातच तिनं इंडियन स्टोअरमधल्या नारळांची रया घालवली. एक एक कानाशी नेऊन हलवायची आणि खाली ठेवायची. दुकानाचे मालक, पटेलकाका, गालातल्या गालात हसत होते. "मासी, इधर ऐसाच मिलता है." आई मला म्हणाली, "ह्यांना सांग, हा नारळ नाही, नारळाचा फोटो आहे." घरी आली की सोफ्यावर मांडी घालून खिडकीतून मेपलकडे बघत बसायची. त्या झाडाला फळ नाही, फूल नाही, कुणी काढायला चढत नाही, मग ते लावलं कशाला, हे तिला उलगडत नव्हतं.

तिच्यापासून मी हे सगळं लपवून ठेवलं होतं. तुम्ही म्हणाल, सदतीस वर्षांचा माणूस आईला घाबरतो? हो, घाबरतो. धनुष्य दाखवलं होतं, तिला ते खेळातलं वाटलं. शिकारीबद्दलही तिचं काही म्हणणं नव्हतं. "हरणाची सागुती होते? मग आण की." एवढंच. झाडाचं मात्र मी बोललो नव्हतो. बोललो असतो तर ती नाही म्हणाली असती, आणि ती नाही म्हणाली असती तर मी गेलो नसतो. आणि मला जायचं होतं. हरणासाठी नाही. बाबांना वरून काय दिसत असेल ते मला बघायचं होतं. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, रसेललासुद्धा नाही.

एका शनिवारी सकाळी अनघा आईला घेऊन देवळात गेली. मी हॉलच्या कार्पेटवर सगळं पसरलं. कॅटलॉगमधली झोळी मागवली होती, महिन्याभरात परत करता येते म्हणून, नमुन्यादाखल. शेजारी दोर, कड्या, आणि पट्ट्याचं रीळ. त्या दोघी लवकर परतल्या. देवळात गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणे. आई दारातच थांबली. चपला काढायच्या विसरली. तिनं कार्पेटवरच्या एका एका वस्तूकडे नजर टाकली, आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

"माडावर चढायचं सामान आहे हे," ती म्हणाली.

"माड नाही गं, ओक असतो."

"मेल्या, ओक काय नि माड काय, खाली जमीनच असते."

अनघा आत गेली. मी आईला समजवायला लागलो. इंजिनिअर घाबरला की माहिती सांगतो. हा दोर किती भार पेलतो, ही गाठ मोकळी असली की सरकते आणि भार आला की आवळते, जमिनीपासून जमिनीपर्यंत माणूस बांधलेला असतो, सगळं सांगितलं. ती खाली बसली. गाठ हातात घेतली, ओढून पाहिली, सैल करून सरकवली, पुन्हा ओढली. "गाठ बरी आहे," म्हणाली. शपथेचा विषय तिनं काढलाच नाही. मला वाटलं, जिंकलो. त्या भरात मी पट्ट्याचं रीळ पुढं केलं आणि सांगितलं, ही विकतची झोळी परत करणार, मी स्वतःच शिवणार आहे, घरची.

"नाही." एवढ्या जोरात ती त्या घरात कधी बोलली नव्हती. "घरचं नको. चढायचं तर चढ, पण विकतचं घे. माझ्या घरात पुन्हा कुणी घरच्या दोरावर चढायचं नाही."

मला काही उमगेना. चढ म्हणते, आणि घरचं नको म्हणते. आमच्या वाडीत उलट होतं. पाडेल्याचा दोर घरातच वळायचा, विकतच्या दोरावर कुणी विश्वास टाकत नसे. बाबांचा दोर आईनंच वळलेला असायचा. नारळाची सोडणं खाडीत कुजत घालायची, बडवून काथ्या काढायचा, आणि पायाच्या अंगठ्यात धरून पीळ भरायचा. तीन पेडांचा दोर, चार वाव लांब, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी. तिच्या हातच्या पिळाला वाडीत नाव होतं. बाबा चढताना मात्र ती कधी माडाखाली उभी राहायची नाही. पाडेल्याच्या बायकोनं वर बघायचं नाही, असं आमच्याकडे पाळायचे. ती घरात पाठ करून बसायची आणि नारळ पडल्याचे आवाज मोजायची. तेवढाच तिचा त्या कामाशी संबंध होता, आवाज आणि दोर.

दोन-तीन दिवस घरात सगळं नेहमीसारखं चाललं. ईशाला आजी भाकरी थापून दाखवत होती, ईशा "इट्स अ सर्कल!" म्हणून टाळ्या वाजवत होती. बाहेर पानं गळत होती. मंगळवारी मी कामावरून आलो, चहा घेत होतो. आई समोर बसली आणि शेजारच्या बाईंची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "विजू, तू दोर तोडतोस ना रे ऑफिसात? दोर तुटतो कुठं?"

मी सांगितलं, बहुतेक गाठीपाशी. नाहीतर कडेवर घासला तर तिथं. भिजून कुजला असेल तर कुठंही.

"आणि पीळ चुकला असेल तर? वळणारीचा हात कुठं सैल पडला असेल तर?"

तिनं 'वळणारी' म्हटलं होतं. सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षं ही बाई असं समजून जगत होती की तिच्या पिळात कुठंतरी चूक झाली, म्हणून नवरा गेला. मला शपथ घातली ती माडाला भिऊन नव्हे, स्वतःच्या हाताला भिऊन.

"आई, दोर तुटला नव्हता."

"गाव सांगत होतं."

"गावाला काय माहीत! मी शाळेतून पळत गेलो होतो. दोर बाबांच्या शेजारी पडला होता, वेटोळंसुद्धा सुटलं नव्हतं. ते बांधायच्या आधीच पडले. खाच फुटली."

तिनं माझा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मी इस्पितळातून परत आल्यावर दोर शोधला. गोठ्यात, माळ्यावर, पडवीत. कुठंच नव्हता. ज्याला विचारीन तो खाली बघायचा. तुटलेले तुकडे मला दिसू नयेत म्हणून लपवले असणार, नाहीतर धडधाकट दोर जातो कुठं?"

दोर मी खाडीत टाकला होता. त्याच संध्याकाळी, तिला नि बाबांना जीपमधून नेल्यावर. दोर धड होता आणि बाबा धड नव्हते, याचा मला राग आला होता, अकरा वर्षांच्या पोराला येतो तसा. एवढा चांगला दोर खांद्यावर असून काय उपयोग झाला? वेटोळं फेकलं, ते थोडा वेळ तरंगलं आणि ओहोटीबरोबर गेलं. नंतर मी ते विसरलो. खरं म्हणजे विसरलो नाही, पण कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. पोरांना कोण विचारतं? एवढ्याशा गोष्टीनं आईच्या आयुष्याची सव्वीस वर्षं खाल्ली, आणि मी मजेत सीट बेल्ट तोडत होतो. मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते.

मी ते सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही, मला जवळही घेतलं नाही. म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?" मी म्हटलं, नाही. "तू लहानपणीही असंच तोंड करून खोटं बोलायचास," म्हणाली आणि कुकर लावायला उठली. पुरावा मीच खाडीत बुडवला होता, आता मागायचा कुणाकडे?

दुसऱ्या दिवशी तिनं अनघाकडे सुतळी मागितली. अनघानं हार्डवेअरच्या दुकानातून बागेतली झाडं बांधायच्या सुतळीची जाड बंडलं आणली. आईनं ती दाताखाली धरून पाहिली, नाक मुरडलं, आणि मागच्या लाकडी डेकवर जाऊन कठड्याला टोक बांधून बसली. अंगात माझं जुनं जॅकेट, पायात लोकरी मोजे, त्यातून एक मोजा काढलेला, अंगठ्यासाठी. पहिल्या दिवशी वळलं ते सगळं उकलून टाकलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा कठड्यापासून दारापर्यंत तीन पेडांची दोरी ताणलेली होती आणि ती तिच्यावरून चिमूट फिरवत चालत होती, हाताखाली कुठं फुगवटा लागतो का बघत. शेजारच्या म्हाताऱ्या बाई कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. "ब्युटिफुल," त्या म्हणाल्या. आईनं मान डोलावली. तिला तेवढं इंग्रजी कळायचं.

"ह्यावर चढायचं नाही," आईनं मला बजावलं. "माणसाचा भार ह्यावर नको. तू वर गेल्यावर ते धनुष्यबाण खालून ओढून घ्यायला लागेल ना काहीतरी, त्याला घे." हे तिनं झोळीचं माहितीपत्रक बघून ताडलं होतं. त्यात चित्र होतं. मग तिनं हातभर लांबीचा एक तुकडा वेगळा काढून माझ्या हातात दिला. "हा उरला. तुझ्या यंत्राला लाव. तुटेपर्यंत ओढ. मग मला आणून दाखव. यंत्र काही मला बरं वाटावं म्हणून बोलायचं नाही."

रसेलनं जबडे बसवून दिले. मी त्याला एवढंच सांगितलं की आईनं वळलाय. त्यानं टोपी काढली. का ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. यंत्र सुरू केलं. सुतळीतून धूळ उडायला लागली, मग बारीक करकर. तो तुकडा ताणत गेला, ताणत गेला, आणि तुटला तो वरच्या जबड्यात, लोखंडानं आवळलं होतं तिथं. मधला पीळ जागचा हलला नव्हता. शास्त्राच्या दृष्टीनं या चाचणीला काडीची किंमत नाही. धागा वेगळा, जाडी वेगळी, नमुना एकच. असा रिपोर्ट कुणी पाठवला असता तर मी तो परत केला असता.

घरी आल्यावर तुकडा आईच्या हातात दिला. ती खिडकीशी गेली, उजेडात धरला. तुटलेलं टोक बघितलं, मग सबंध पिळावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"किती ओढलं?"

"बाबांसारखी दोन माणसं."

"आणि तुटलं पकडीत."

"हो. पीळ सुटला नाही." मग मला राहवेना. "पण आई, खरं सांगायचं तर, हा काही तो दोर नव्हे."

"मला कळतं रे, तेवढी अडाणी नाही मी," ती म्हणाली. "तो काथ्या, ही सुतळी. पण हात तेच आहेत ना?"

"तेच आहेत."

"मग झालं." तिनं तो तुकडा कमरेला खोचला आणि विचारलं, वालाची आमटी चालेल का. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ उभा राहिलो.

एक्सेल शीटचं काय झालं म्हणाल, तर ती अजून कुठंतरी जुन्या कॉम्प्युटरवर असेल. कॅटलॉगमधली विकतची झोळी मी ठेवून घेतली. गुणांत ती दुसरी होती. पट्ट्याचं रीळ लॅबमध्ये परत गेलं. त्या मोसमात मी एकही हरीण मारलं नाही. रसेलनं त्याच्या हरणाची मांडी दिली, आईनं तिला फ्रोझन खोबऱ्याचं वाटप लावलं आणि खोबऱ्याच्या नावानं बोटं मोडत सगळ्यांना वाढलं. फेब्रुवारीत ती परत गेली. तो हातभर तुकडा घेऊन गेली, विमानतळावर पिशवीतला डबा उघडायला लावला तेव्हा दिसला, लोणच्याच्या बाटलीला गुंडाळलेला. हिरव्या डब्यातल्या त्या लांब दोरीनं मी आजही धनुष्य वर ओढून घेतो. ती मी यंत्राला कधीच लावली नाही.

पण शिकारीला रसेलच्या ओळखीच्या रानात जाण्याआधी, तुकडा तोडल्यानंतरच्या शनिवारी, मी मागच्या अंगणातल्या मेपलवर चढून बघायचं ठरवलं होतं. सकाळची वेळ, थंडी बेताची, गवत ओलं. झोळी चढवली, बंद आवळले, खोडाभोवती दोर घेतला. आणि बघतो तर माझा हात आपोआप खोडाला लागून कपाळाला लागला. बाबा असं करायचे. मला ते आठवत असल्याचं मलाच ठाऊक नव्हतं. मागं दार सरकल्याचा आवाज झाला. आई बाहेर आली, माझं जॅकेट घालून, आणि थेट झाडाखाली येऊन उभी राहिली.

"आई, तू आत बस ना."

"चढ तू," ती म्हणाली. "मी आहे इथं."

मी चढलो. पायरी, दोर वर, पायरी, दोर वर. वीस फुटांवर वरचा दोर बांधला आणि अंग मागं टाकलं. वरून विशेष काही दिसलं नाही. छपरं दिसली, कुणाचं तरी ट्रॅम्पोलिन, रस्त्याकडेचे पानांचे ढीग, लांबवर हायवे. मग मी खाली बघितलं. आई खोडाला हात लावून उभी होती आणि मान उंच करून सरळ वर, माझ्याकडे बघत होती. बाबांना वरून खाडी दिसत असेल, समुद्र दिसत असेल. हे मात्र त्यांना कधी दिसलं नसणार.